राखीव जागेची मर्यादा : अपंगांच्या वाहन-परवान्याचे नियम व शिष्टाचार

मान आणि सवलत या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. परंतु त्यांचे मूळ निराळे आहे. मान मनुष्याच्या पदाला मिळतो, सवलत त्याच्या अडचणीला मिळते. यजमानाबरोबर त्याच्या कुटुंबातील चार माणसे मानाच्या जागी बसली तर फारसे बिघडत नाही. मात्र अडचण नसलेल्याने सवलत घेतली की ज्याला अडचण आहे त्याच्या वाट्याची ती तेवढी कमी होते. हा भेद ध्यानात ठेवून अपंगांसाठी राखलेल्या वाहनांच्या जागेचा व तिच्या परवान्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी इंग्लंडातील पद्धत घेतली आहे, त्यास दोन कारणे आहेत. एक तर ती पन्नासाहून अधिक वर्षे चालत आली असून तिचे नियम स्पष्ट आहेत. दुसरे असे की, आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, आणि वृद्ध आई-वडिलांचे तेथे जाणे-येणे असते. तेथील नियम ठाऊक नसल्यामुळे सज्जन माणसाच्या हातूनही गैर घडू शकते.

परवान्याची उत्पत्ती

सन १९७० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने दीर्घकाळ आजारी व अपंग व्यक्तींसंबंधी एक कायदा संमत केला. आल्फ मॉरिस या सभासदाने तो खाजगी विधेयकाच्या रूपाने मांडला होता. त्याच्या २१ व्या कलमान्वये सन १९७१ पासून अपंगांना मोटारीत लावण्यासाठी नारिंगी रंगाचे पत्र मिळू लागले. सन २००० पासून युरोपातील इतर देशांशी मेळ घालून त्याचा रंग निळा करण्यात आला. म्हणून आज त्यास ‘ब्लू बॅज’ असे म्हणतात.

हे पत्र स्थानिक नगरसंस्था देते. इंग्लंडात त्यासाठी जास्तीत जास्त १० पौंड शुल्क घेतले जाते व त्याची मुदत साधारणतः तीन वर्षांपर्यंत असते. केवळ वय झाले म्हणून ते मिळत नाही. चालण्यास असमर्थ असणे, चालताना फार यातना होणे, दृष्टी जवळजवळ नसणे, अशा कारणांची तपासणी होते. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडात वरून न दिसणाऱ्या व्याधींचाही त्यात समावेश झाला. ज्या मानसिक अवस्थेमुळे मनुष्यास घराबाहेरचा प्रवास अत्यंत क्लेशदायक वा धोक्याचा होतो, तीही आता पात्रतेत धरली जाते.

पत्र व्यक्तीचे, मोटारीचे नव्हे

या सर्व पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : निळे पत्र व्यक्तीला दिलेले असते, वाहनाला नव्हे. ज्याच्या नावाचे पत्र आहे त्याला मोटार हाकता आली पाहिजे असे नाही. तो मुलाच्या मोटारीत बसो, शेजाऱ्याच्या बसो वा भाड्याच्या टॅक्सीत बसो, पत्र त्याच्याबरोबर जाते. तो बरोबर नसेल, तर पत्रही मोटारीत असून नसल्यासारखेच आहे.

येथेच बहुतेकांची गफलत होते. आजी घरी निजली आहे, तिच्यासाठीच औषध आणावयाचे आहे, म्हणून नातवाने तिचे पत्र काचेमागे ठेवून दुकानासमोर मोटार उभी केली. हेतू चांगला असला तरी नियमाने हा गैरवापरच होय. कारण अपंगाचे काम करणारा स्वतः अपंग नसतो, तो लांबून चालत येऊ शकतो. मात्र आजीला दवाखान्यातून आणावयास जाताना किंवा तेथे पोहोचवताना पत्राचा उपयोग करण्यास मुभा आहे. तसेच आजी मोटारीतच बसून राहणार असेल व केवळ धडधाकट माणसे उतरणार असतील, तर राखीव जागा अडवण्याची खरोखर गरज आहे काय, याचा विचार करावा.

पत्राच्या धारकाचे निधन झाल्यास ते नगरसंस्थेस परत करावयाचे असते. दिवंगत आईचे पत्र मुदत संपेपर्यंत वापरणारे लोक असतात. दुःखाच्या दिवसांत एखादा कागद परत करावयाचा राहून जाणे समजण्यासारखे आहे; पण तो जाणूनबुजून वापरणे म्हणजे आईच्या वेदनेवर स्वतःची सोय साधणे होय.

गैरवापर सिद्ध झाल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सन २०१३ च्या कायद्याने नगरसंस्थेच्या साध्या वेषातील अधिकाऱ्यांनाही गैरवापर होत असलेले पत्र जागेवरच ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. पत्र दाखवण्यास सांगितल्यावर ते सबळ कारणाशिवाय न दाखवणे हाही अपराधच आहे.

कोठे, किती वेळ

पत्र मोटारीच्या पुढील काचेमागे, बाहेरून वाचता येईल असे ठेवावे. छायाचित्राची बाजू खाली असावी. जेथे काळाची मर्यादा आहे तेथे पत्राबरोबर मिळालेली निळी कागदी तबकडीही ठेवावी लागते. तिचे काटे आगमनाची वेळ दाखवतील असे लावावयाचे असतात.

रस्त्याच्या कडेला एक वा दोन पिवळ्या रेघा असतात तेथे एरवी मोटार उभी करण्यास मनाई असते. इंग्लंड व वेल्समध्ये पत्रधारकास तेथे तीन तासांपर्यंत थांबता येते. मात्र माल चढवण्या-उतरवण्याची मनाई असलेल्या ठिकाणी ही सवलत नाही. तेथून निघाल्यावर एक तास लोटल्याखेरीज त्याच दिवशी त्याच भागात पुन्हा थांबता येत नाही. बसगाड्यांचा मार्ग व पादचाऱ्यांच्या ओलांडणीजवळच्या नागमोडी रेघा या जागा पत्रधारकासही वर्ज्यच आहेत. लंडनच्या मध्यभागातील सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन व चेल्सी आणि कॅमडेनचा काही भाग येथे ही योजना पूर्णतः लागू नाही. तेथे स्थानिक नियम पाहूनच जावे. खाजगी दुकाने व इस्पितळे यांच्या वाहनतळांवर त्या त्या मालकाचे नियम चालतात. तेथे पैसे माफ असतीलच असे गृहीत धरू नये, फलक वाचावा.

आखलेली रिकामी जागा रिकामी नसते

राखीव जागेच्या कडेला तिरप्या रेघांनी आखलेला एक पट्टा असतो. इंग्लंडात त्याची रुंदी १.२ मीटर ठेवण्याची प्रथा आहे. अनोळखी मनुष्यास ती फुकट गेलेली जागा वाटते व तेथे तो आपली दुचाकी निःशंकपणे लावतो. वस्तुतः तो पट्टा हाच राखीव जागेचा प्राण आहे. चाकाच्या खुर्चीवरील मनुष्यास मोटारीचे दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची दाराशी आणून लावावी लागते, आणि मग हातांच्या बळावर अंग एका आसनावरून दुसऱ्यावर न्यावे लागते. हा पट्टा अडला की बाहेर गेलेला मनुष्य आपल्या मोटारीत परत शिरू शकत नाही. ज्याने दुचाकी लावली तो येईपर्यंत ऊन असो, पाऊस असो, त्यास बाहेर तिष्ठत बसावे लागते. ‘दोनच मिनिटे’ म्हणून लावलेल्या वाहनाचा हा परिणाम आहे.

इतरांनी पाळावयाचा शिष्टाचार

नियम पत्रधारकासाठी असतात, तसा शिष्टाचार पाहणाऱ्यांसाठीही असतो. राखीव जागेवर उतरलेला तरुण दोन पायांनी चालत गेला, एवढ्यावरून तो लबाड आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. हृदयाचा विकार, फुप्फुसांची दुर्बलता, सांध्यांची सूज या गोष्टी कपड्यांखाली झाकलेल्या असतात. पन्नास पावले नीट चालणारा मनुष्य एक्कावन्नाव्या पावलाला बसू शकतो. पात्रतेचा निर्णय अधिकाऱ्यांनी तपासून दिलेला असतो. तो रस्त्यात उभे राहून फिरवण्याचा अधिकार आपणास नाही. संशय सबळ असेल तर संबंधित संस्थेस कळवावे, त्या व्यक्तीस चारचौघांत जाब विचारू नये. व्याधीने झालेल्या त्रासापेक्षा अशा प्रश्नांचा त्रास कित्येकदा अधिक होतो.

मदत करावयाची असल्यास आधी विचारावे. खुर्ची न विचारता ढकलणे, कुबडी हातातून घेणे, हे सद्भावनेने केले तरी समोरच्याचा तोल जातो. “काही मदत करू का?” एवढे शब्द पुरेसे आहेत, आणि “नको” हे उत्तर आले तर ते मनास लावून घेऊ नये.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात इंग्लंडसारखे देशव्यापी निळे पत्र नाही. परंतु कायदा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा सन २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली असून बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ येथील वाहनतळ अशा व्यक्तींस वापरता येतील असे असावेत, ही जबाबदारी शासनावर ठेवली आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत, प्रत्येकी किमान ३.६ मीटर रुंद व ५ मीटर लांब अशा दोन जागा राखावयाच्या आहेत. बाजूच्या पट्ट्याचे महत्त्व येथेही ओळखले आहे, हे या रुंदीवरून दिसेल.

परंतु जागा आखणे सोपे, ती मोकळी राखणे कठीण. देवालय, मंगल कार्यालय, सभागृह यांच्या फाटकाशी नित्य काय दिसते ते सर्वांस ठाऊक आहे. ‘राखीव’ असे लिहिलेल्या पाटीखाली पाहुण्यांची मोटार, उतरणीच्या तोंडाशी दुचाकी आणि पायऱ्यांशी चपलांचा ढीग. उत्सवाच्या दिवशी तर राखीव जागेची गरज सर्वांत जास्त आणि ती मिळण्याचा संभव सर्वांत कमी असतो. यावर उपाय खर्चाचा नाही. गर्दीच्या दिवशी एका स्वयंसेवकास केवळ तेवढीच जागा सांभाळण्यास नेमावे. कार्यालय भाड्याने देताना यजमानास ती अट आधीच सांगावी. आणि कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी स्वतःची वाहने तेथे कधीही लावू नयेत. लोक पाटी वाचत नाहीत, मोठ्यांची मोटार कोठे उभी आहे ते पाहतात.

अपंग मनुष्य घरीच राहिला, तर त्याची अडचण कोणासही दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून जागा राखण्याची गरज नाही, असे पुढे म्हटले जाते. हे चक्र जागेच्या बाजूनेच तोडता येते. जागा आधी मोकळी असेल, तरच तो येईल.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणास मिळालेली एखादी सवलत त्याच्या अनुपस्थितीत आपण वापरतो काय?

२. राखीव जागेच्या बाजूचा पट्टा अडल्यास नेमका कोणाचा, कोणता मार्ग बंद होतो?

३. वरून निरोगी दिसणाऱ्या मनुष्याविषयी आपण किती लवकर मत बनवतो?

४. पुढील उत्सवात फाटकाजवळची जागा सांभाळण्यास आपल्यापैकी कोण उभे राहील?