ताटाचा हिशेब

पोट भरले म्हणजे शरीराचे पोषण झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भूक आपल्याला अन्नाची मागणी कळविते. परंतु त्या अन्नात लोह किती होते, कॅल्शियम किती होते, जीवनसत्त्वे कोणती नव्हती, हे ती कळवीत नाही. ही द्रव्ये शरीराला मिलिग्रॅमच्या, काही तर त्याहूनही अल्प प्रमाणात लागतात. त्यांची उणीव महिनोन्महिने शांतपणे वाढत जाते आणि थकवा, धाप, चिडचिड अशा रूपांनी प्रकट होते. या तक्रारी आपण कामाच्या व्यापावर किंवा वयावर ढकलून मोकळे होतो.

इ. स. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयातील दर १०० भारतीय स्त्रियांपैकी ५७ रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गोव्यात हे प्रमाण ३९ होते. मासळी, नारळ, भाजीपाला यांची चणचण नसलेल्या प्रदेशात दहापैकी जवळजवळ चार स्त्रियांचे रक्त कमी असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. म्हणून आपला आहार आपणच कसा तपासावा, याची एक सोपी रीत येथे देत आहोत.

सात दिवसांची वही

घरात किती जिन्नस आला, यावरून कोणाला काय मिळाले हे समजत नाही. यास्तव हिशेब माणसागणिक ठेवावयाचा. एक साधी वही घ्यावी व घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र पान राखावे. सलग सात दिवस, त्यांत एक सुटीचा दिवस धरून, चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, पदार्थ, प्रमाण आणि त्यासोबत किंवा त्यानंतर तासाभरात घेतलेला चहा अथवा कॉफी. प्रमाणासाठी तराजूची आवश्यकता नाही. वाटी, डाव व चमचा ही मापे पुरेशी आहेत. जेवण झाल्याबरोबर नोंद करावी. रात्री आठवून लिहू म्हटले की दुपारचा अर्धा केळ्याचा तुकडा विसरतो आणि न खाल्लेली भाजी खाल्ली असे वाटू लागते.

मासळीच्या नोंदीत एक काळजी अवश्य घ्यावी. ‘हुमण’ एवढेच लिहू नये. त्यातील तुकडी खाल्ली की नुसता रस, ते स्पष्ट लिहावे. या भेदाचे महत्त्व पुढे येईलच.

वही कशी वाचावी

आठवडा संपल्यावर प्रत्येक पानावर सात गट मांडावेत : डाळी व कडधान्ये, हिरव्या व तांबड्या पालेभाज्या, भोपळा, गाजर, पपई, आंबा यांसारखी पिवळी-केशरी फळे व भाज्या, पेरू, आवळा, लिंबू यांसारखी ‘क’ जीवनसत्त्वाची फळे, दूध व दही, मासळी, अंडी व मांस, आणि नाचणी, तीळ, शेंगदाणे. प्रत्येक गट सातांपैकी किती दिवस ताटात आला, तो आकडा त्याच्यापुढे लिहावा. ज्या गटापुढे शून्य किंवा एक पडेल, तेथे प्रथम लक्ष द्यावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत साधारण २,००० कॅलरींच्या शाकाहारी आहारासाठी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ३०० मिलिलिटर दूध सुचविले आहे. मांसाहारी व्यक्तींना डाळींचा काही भाग मासळी, अंडी वा मांस यांनी भरून काढता येतो. आपली वही या मापाशी ताडून पाहावी.

कॅल्शियमचे उदाहरण घेऊ. प्रौढ व्यक्तीस दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे ही संस्था सांगते. १०० मिलिलिटर दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. ज्यांचे दूध केवळ दोन कप चहातच जाते, त्यांच्या पदरी त्यातून १२० मिलिग्रॅमच्या आसपासच पडते. ५० ग्रॅम नाचणीच्या सत्त्वाने वा भाकरीने आणखी १८० मिलिग्रॅमची भर पडेल. तीळ आणि काट्यासह खाल्ली जाणारी बारीक मासळी ही कॅल्शियमची उत्तम साधने होत. बांगड्याचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, त्यामुळे त्यातील कॅल्शियम हिशेबात धरू नये.

लोहाचा हिशेब थोडा वेगळा आहे. संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास रोज १९, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह लागते. पुरुषापेक्षा कमी जेवणाऱ्या स्त्रीची गरज पुरुषाच्या दीडपट आहे, ही बाब घरोघरी माहीत असावयास हवी. शिवाय ताटातील सर्व लोह रक्तात जात नाही. मासळी व मांस यांतील लोहाचा बराचसा भाग सहज शोषला जातो. धान्ये, कडधान्ये व भाज्या यांतील लोह कष्टाने शोषले जाते. जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा पेरू असल्यास हे शोषण वाढते, तर चहा-कॉफीने ते घटते. जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. चहाची नोंद वहीत का हवी, हे यावरून ध्यानी येईल.

काही द्रव्यांसाठी आठवडा अपुरा पडतो. ‘क’ जीवनसत्त्वाचा फारसा साठा शरीर करू शकत नाही. ते नित्य मिळावे लागते. उलट ‘अ’ व ‘ब-१२’ यांचा यकृतात साठा राहतो. श्रावणात महिनाभर मासळी वर्ज्य केल्याने ‘ब-१२’ ची कमतरता होत नाही. मात्र जे वर्षानुवर्षे शाकाहारी आहेत आणि दूध-दहीही अत्यल्प घेतात, त्यांनी सावध राहावे, कारण वनस्पतिजन्य अन्नातून हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाचे मुख्य साधन ऊन असल्याने, दिवसभर कचेरीत किंवा घरात असणाऱ्यांनी वहीत उन्हाचीही नोंद ठेवावी. मिठागरातील जाड्या मिठात आयोडीन नगण्य असते. ते खारवणासाठी वापरले तरी रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असू द्यावे.

आपल्या परंपरेतील लाभाच्या बाजूही या वहीत दिसतील. भात उकडताना दाण्यावरील ‘ब-१’ जीवनसत्त्व काही अंशी आत मुरते, म्हणून उकड्या तांदळात ते पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळापेक्षा अधिक टिकते. पेज निवळासकट घेतल्याने पाण्यात उतरलेला अंशही वाया जात नाही. तिसऱ्यांतून लोह व ‘ब-१२’ ही दोन्ही मिळतात.

एका घरातील वही

प्रस्तुत लेखकाने रक्तक्षयासंबंधी अनेक पत्रके तयार केली आहेत. गेल्या वर्षी एका पत्रकासाठी नमुना हवा म्हणून त्याने ही वही फोंडा तालुक्यातील स्वतःच्याच घरी ठेविली. घरात सातांपैकी पाच दिवस मासळी शिजली होती. लेखकाच्या पानावर पाच तुकड्या होत्या, मुलांच्या पानांवर पाच, वृद्ध मातोश्रींच्या पानावर चार. पत्नीच्या पानावर एक तुकडी होती. उरलेल्या चार दिवशी ‘रस व भात’ अशी नोंद होती. पालेभाजी दोन दिवस, फळ एकही दिवस नाही, दूध चहापुरते, आणि दोन्ही वेळच्या जेवणानंतर चहा.

वीस वर्षे एकाच पंगतीत बसूनही ही गोष्ट लेखकाच्या नजरेस आली नव्हती, कारण ती सर्वांना वाढून मागाहून जेवत असे. जिना चढताना तिला धाप लागते, हे मात्र घरात सर्वांना ठाऊक होते. आरोग्य केंद्रात तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ ग्रॅम भरले. प्रौढ स्त्रीचे ते १२ च्या खाली नसावे. डॉक्टरांनी रक्तस्राव, जंत यांविषयी चौकशी करून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. घरात दोन बदल झाले : सर्वजण एकत्र जेवू लागले आणि तुकड्या मोजून वाढल्या जाऊ लागल्या. चार महिन्यांनी आकडा ११.८ वर आला. उपचार अद्याप चालू आहेत.

वहीची मर्यादा

वही संशय दाखविते. निदान करीत नाही. रातांधळेपणा, हिरड्यांतून रक्त येणे, तोंडाचे कोपरे चिरणे, पापणीची आतील बाजू फिकी पडणे, हातापायांना मुंग्या येणे, कच्चे तांदूळ किंवा माती खाण्याची इच्छा होणे, या खुणा दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. एकाच खुणेमागे अनेक कारणे असू शकतात. रक्तक्षयदेखील केवळ लोहाअभावी होतो असे नाही. ‘ब-१२’ किंवा फोलिक आम्लाची उणीव, हिवताप, आनुवंशिक विकार हीही त्याची कारणे आहेत.

म्हणूनच औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने ‘शक्तीच्या’ गोळ्या आणणे इष्ट नव्हे. ‘अ’ व ‘ड’ ही जीवनसत्त्वे आणि लोह अतिरेकाने अपाय करतात. गर्भवतीने ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतल्यास गर्भाला धोका संभवतो. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाखाली गर्भवती स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची तरतूद असून त्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा.

वाचकांनी येत्या सोमवारपासून ही वही सुरू करावी, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचे पान सर्वांत आधी वाचावे.