आई इथे, बाप तिकडे आणि लेकराचं पोट दुखतं



सात वर्षांचा मुलगा. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट धरून बसतो. जंताची गोळी झाली, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. आजीने दृष्टसुद्धा काढली. (आपल्या घरांत हे अजून चालतं, म्हणून लिहिलं.) आम्ही विचारलं, जास्त कधी दुखतं? सोमवारी. रविवारी बापाचा व्हिडिओ कॉल येतो आणि घरात आवाज चढतो.

आई आपल्याच वस्तीतली. नर्सिंग करून इंग्लंडला गेली, तिथेच लग्न केलं. पटेना, तेव्हा सुट्टीला म्हणून मुलाला घेऊन आली आणि परत गेलीच नाही.

असं पोटदुखणं म्हणजे नाटक नव्हे. ताणाने मुलांचं पोट, डोकं खरोखर दुखतं. काही पुन्हा अंथरूण ओलं करतात. मात्र वजन घटत असेल, ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर आधी दवाखाना.

आता कायद्याचं. एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल परदेशी नेलं, तर ते लवकर परत पाठवावं, असा 1980 चा हेग करार आहे. इंग्लंड त्यात आहे, भारत नाही. म्हणून आपली माणसं सांगतात, "इथे आलीस ना, मग काळजी नको." हे अर्धंच खरं. आपली कोर्टं मुलाचं हित पाहतात आणि काही वेळा मूल परत पाठवायला सांगतात. तिकडचं कोर्ट आईविरुद्ध हुकूम काढू शकतं. मग ती पुन्हा तिकडे नोकरीला जाणार कशी?

म्हणून मध्यस्थी. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलायला बसवतो. वस्तीतल्या बैठकीत पंच निकाल देतात, आणि मुलाला कोणी विचारत नाही. अशा बैठकींना आम्हीही बसलो आहोत.

दोन देशांच्या भांडणात दोन मध्यस्थ असावेत: एक बाई, एक पुरुष, एक इकडचा, एक तिकडचा, एक कायद्याचा जाणकार, दुसरा मनाचा. 2007 साली पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात ही तत्त्वं मांडली गेली. वाचताना आम्हाला रोहिणीचं पाणी आठवलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये लिहिलंय, की शाक्य-कोलियांच्या भांडणात सिद्धार्थाने सुचवलं: दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. संघाने ऐकलं नाही.

मारहाण किंवा धमकी असेल, तर समोरासमोर बसायला कोणी भाग पाडू नये. आधी 181 ला फोन करा. भाषा कळत नसेल तर दुभाषी मागा, त्यात कमीपणा नाही. बोलणी व्हिडिओवरही होतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन 15100. ठरेल ते लेखी करा: शाळा कुठे, सुट्टी कुणाकडे, पासपोर्ट कुणाजवळ, लसीकरणाच्या कार्डाची प्रत दोघांकडे. ते कागद दोन्ही देशांच्या कोर्टांत नोंदवून घ्या. नाहीतर सुट्टीला गेलेलं मूल तिकडेच अडकतं.

या घरात पहिली ठरली ती कॉलची वेळ. रविवारी दुपारी चार. तिकडे तेव्हा हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा. त्या वेळी आजी शेजारी जाऊन बसते. मुलगा बापाशी इंग्रजीत बोलतो, मध्येच मराठी शब्द घुसतात. सोमवारचं दुखणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. पासपोर्टवर बोलणी अजून अडलेली आहेत.