शिलावर्तुळांतील अस्थी काय सांगतात?

नाहूर स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले, की कल्याणकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. त्यांतली विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोचते. तेथून काटोलच्या रस्त्याने थोडे गेले, की जुनापाणी गावाच्या माळावर मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. एकदोन नव्हेत, सुमारे तीनशे वर्तुळे! माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथेही अशीच वर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ही रचली. मोठ्या दगडांच्या अशा स्मारकांना महापाषाणे किंवा बृहदश्म म्हणतात.

या दगडांचे कुतूहल जुने आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेले आणि परतताना पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. पुढे 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांवर लेख लिहिला. 1961 मध्ये बी. के. थापर यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले, आणि 1968 नंतर डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा व माहूरझरी खणली. लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी, तांब्याचे दागिने, घोड्यांची हाडे आणि त्यांचे साजही मिळाले. एकोणिसाव्या शतकातील हौशी उत्खनकांचे लक्ष बहुधा अशा वस्तूंवरच असे. पण कुऱ्हाड कोणाची, हे कुऱ्हाड सांगत नाही. त्यासाठी शेजारच्या हाडांकडे वळावे लागते.

येथेच अडचण सुरू होते. विदर्भातील वर्तुळांत माणसाचा अखंड सांगाडा क्वचित मिळतो. बहुधा कवटीचे तुकडे, चार दात, लांब हाडांचे भाग एवढेच हाती येते. मग बाकीचा माणूस गेला कोठे?

एक उत्तर मातीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेकडो वर्षे असा दाब आणि ताण सोसून हाडांचा चुरा होतो. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे दंतवल्क, मात्र शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. म्हणून सगळे गेले तरी दात उरतात.

दुसरे उत्तर चालीरीतीत असू शकते. प्रेत आधी दुसरीकडे ठेवायचे, मांस गळून गेल्यावर काही निवडक हाडे गोळा करून वर्तुळात आणून पुरायची, या प्रथेला दुय्यम दफन म्हणतात. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे 1947 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले तेव्हा, तेथील काही वर्तुळे प्रेते उघडी ठेवण्यासाठीच असावीत, असा तर्क त्यांनी मांडला होता.

आता, हाडे मातीने खाल्ली की माणसांनीच ती आणली नव्हती, हे ओळखायचे कसे? प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. त्यांपैकी दोन्ही हातांच्या पंजांत 54 आणि दोन्ही पावलांत 52, म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे या चार जागी! प्रेत कुजते तेव्हा पंजांचे बारीक सांधे लवकर सुटतात, तर पाठीचा कणा व खुबा यांचे सांधे बरेच टिकतात. म्हणून थडग्यात बोटांची हाडे ओळीने जागेवर असतील, तर प्रेत ताजे असतानाच पुरले होते. याउलट मांडीची हाडे शाबूत आहेत, कवटी आहे, पण बोटांचे एकही हाड नाही, तर दुय्यम दफनाची शंका घ्यावी. अर्थात चाळणी बारीक हवी. खणणाऱ्याने माती चाळलीच नसेल, तर बोटांची हाडे ढिगाऱ्यात गेली असतील आणि दोष प्रथेला दिला जाईल!

माणसे किती पुरली हेही मोजता येते. एकाच वर्तुळात वरच्या जबड्याच्या डाव्या बाजूच्या तीन पहिल्या दाढा मिळाल्या, तर निदान तीन माणसे होती. कारण प्रत्येकाला ती दाढ एकच असते. वय पाहायचे तर तुमच्याच वर्गात दातांची मोजणी करा. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुसरी बाराव्याच्या आसपास येते. अक्कलदाढ त्यानंतर कितीतरी वर्षांनी. नववीतील बहुतेकांना 28 दात सापडतील. स्त्री की पुरुष हे मुख्यतः कमरेच्या हाडावरून ठरते, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते हाडाच्या आकारावरून सांगणे कठीणच. दातांची झीज आणि कीड आहाराकडे बोट दाखवतात. माहूरझरीच्या दातांचा असा अभ्यास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केला.

हाडे नसण्याचा तिसराही अर्थ असतो. तो विदर्भात नव्हे, पुणे जिल्ह्यातील इनामगावात दिसला. हे गाव ताम्रपाषाणयुगातले, शिलावर्तुळे नसलेले. डेक्कन कॉलेजने तेथे 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. प्रौढ माणसे खड्ड्यात उताणी, सांगाडे जागच्या जागी, पण घोट्याखालची पावले नाहीत! एका जागी असे झाले असते तर उंदीर-घुशींवर ढकलता आले असते. थडग्यामागून थडग्यात तेच दिसले, तेव्हा पावले मुद्दाम तोडली होती हे मान्य करावे लागले. मृताने परत चालत येऊ नये म्हणून, असे म्हणतात; पण तो तर्क आहे, हाडांवर लिहिलेला नाही.

आणि याच इनामगावात चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला. वय चाळिशीच्या आसपास. त्याची पावले मात्र शाबूत होती.