गैरहजर आणि शून्य

परीक्षा संपली, की गुरुजी वर्गाचे गुणपत्रक तयार करतात. कोणास गणितात ऐंशी गुण असतात, कोणास चाळीस, तर एखाद्याच्या वाट्यास शून्यही येते. परंतु परीक्षेच्या दिवशी जो मुलगा तापाने अंथरुणास खिळला होता, त्याच्या नावापुढे गुरुजी शून्य लिहीत नाहीत. ‘गैरहजर’ असे लिहितात. गुण दोघांनाही नाहीत, मग हा भेद कशासाठी? ज्याला शून्य मिळाले, त्याची परीक्षा झालेली आहे. जो गैरहजर होता, त्याच्याविषयी आपणांस काहीच कळलेले नाही. एका ठिकाणी उत्तर आहे. दुसऱ्या ठिकाणी उत्तरच नाही.

हा साधा भेद पृथ्वीची चित्रे तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांना फार जपावा लागतो. तो कसा, ते पाहू.

आकाशातून टिपलेले पृथ्वीचे चित्र आपणांस अखंड दिसते. वस्तुतः ते तुमच्या गणिताच्या वहीच्या पानासारखे लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. प्रत्येक चौकोनात एक संख्या असते. ती संख्या कधी तेथील उजेड सांगते, कधी उष्णता, तर कधी जमिनीची उंची. या संख्यांना रंग दिले, म्हणजे चित्र तयार होते. पण एखाद्या चौकोनाची संख्या मिळालीच नाही, तर? गुरुजींप्रमाणे तेथे ‘गैरहजर’ असा शब्द लिहिता येत नाही. कारण त्या चौकोनात केवळ संख्याच मावते.

११ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेचे ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान सहा अंतराळवीरांना घेऊन आकाशात झेपावले. पृथ्वीवरील डोंगरदऱ्यांची उंची मोजणे, हे त्याचे काम होते. यानातून रडारच्या लहरी तिरप्या दिशेने जमिनीवर सोडल्या जात. त्या परतून आल्या, की यानावरील एक अँटेना त्या टिपी. आणि यानातून बाहेर काढलेल्या ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावरील दुसरी अँटेनाही त्या टिपी. दोहोंनी टिपलेल्या लहरींतील सूक्ष्म फरकावरून जमिनीची उंची काढता येई. सुमारे अकरा दिवसांच्या या प्रवासात पृथ्वीवरील जवळजवळ ८० टक्के जमिनीची उंची मोजली गेली.

तरीही काही जागा सुटल्याच. दिव्याच्या तिरप्या उजेडात जशी भिंतीमागे सावली पडते, तशी उंच कड्यांच्या मागे रडारची सावली पडते. तेथवर लहरी पोहोचतच नाहीत. शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडेच निघून जातात, तर वाळवंटातील कोरड्या वाळूवरून त्या फार क्षीण होऊन परततात. हिमालयासारख्या उत्तुंग पर्वतांत अशा रिकाम्या जागा पुष्कळ राहिल्या.

त्या जागी शून्य लिहावे काय? छे! उंचीच्या नकाशात शून्य म्हणजे समुद्रसपाटी. म्हणून शास्त्रज्ञांनी त्या चौकोनांत उणे ३२,७६८ ही संख्या लिहिली. समुद्राचा अत्यंत खोल तळही सुमारे ११,००० मीटरच खाली आहे. तेव्हा ही संख्या कोणत्याही जागेची खरी उंची असूच शकत नाही. ती ‘गैरहजर’ या शब्दाचीच खूण होय.

मात्र ही खूण संगणकास आधी समजावून सांगावी लागते. समजा, डोंगरावरील पाच चौकोनांपैकी चौघांची उंची ४०००, ४०१०, ४०२० आणि ४०३० मीटर आहे. पाचवा रिकामा आहे. रिकामा चौकोन वगळला, तर सरासरी ४०१५ मीटर येते. त्यास शून्य मानले, तर ती ३२१२ मीटरवर घसरते. आणि ती खूणच खरी उंची समजून बेरजेत धरली, तर सरासरी समुद्रसपाटीच्या खाली ३३०० मीटरहून अधिक जाते! डोंगराचा असा पाताळ झाला, तरी संगणक तक्रार करीत नाही. त्याला दिलेले गणित तो बिनचूक करतो; चूक आपली असते.

ही चूक नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुराचे पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे अशाच नकाशांवरून ठरवितात. पाणी सखल जागेकडे धावते. नकाशात खोटा खड्डा राहिला, तर कागदावरील नदी त्यातच गडप होईल आणि खालचे गाव निर्धास्त आहे, असे वाटेल. खरी नदी मात्र त्या गावाकडेच जात असेल.

मग या जागा भरायच्या तरी कशा? एखादाच चौकोन रिकामा असेल, तर शेजारच्या चौकोनांवरून त्याच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. पण रिकामी जागा मोठी असेल, तर तिच्यात एखादे शिखर किंवा दरीही दडलेली असेल! तेथे शेजाऱ्यांची साक्ष पुरत नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या मोजणीचा आधार घेतात. ‘टेरा’ या उपग्रहाने निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून काढलेली उंची पुढे या कामी आली. ती भरताना शास्त्रज्ञांनी एक गोष्ट कटाक्षाने केली. कोणत्या चौकोनातील संख्या कोठून घेतली, याची वेगळी नोंद त्यांनी सोबत ठेवली. त्यामुळे उसनी घेतलेली संख्या मूळची म्हणून खपत नाही.

कॅमेऱ्याने चित्रे घेणाऱ्या उपग्रहांची अडचण निराळी असते. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग दाटले, की खालची जमीन त्यांस दिसत नाही. तेव्हा अनेक दिवसांची चित्रे जवळ ठेवतात आणि प्रत्येक चौकोनासाठी निरभ्र दिवसाची संख्या निवडतात. जो चौकोन एकही दिवस दिसला नाही, तो रिकामाच ठेवतात.

मुलांनो, ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविली, तर ती भरून काढण्यास उद्या कोणीतरी पुढे येईल. खोट्या आकड्याने ती झाकली, तर ती शोधावी, असे कोणाच्या मनातही येणार नाही.

अभ्यास

१. शून्य आणि गैरहजर यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. एन्डेव्हर यानाच्या मोजणीत काही जागा का सुटल्या?
३. मोठी रिकामी जागा शेजारच्या संख्यांवरून का भरू नये?
४. सात दिवसांच्या पावसाची नोंद करा. एखादा दिवस मोजणी चुकली, तर तेथे काय लिहाल? कारण सांगा.