पिकअप सकाळी एअर घेते? मंडईच्या आदल्या दिवशीच तपासा



टाकीत डिझेल असूनही गाडी सकाळी चालू होऊन लगेच बंद पडते, हातपंप मारला की चालते? मग बहुतेक लाईन एअर घेतेय. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथे गळती न दिसताही हवा आत शिरते. पाइप कोरडा दिसला म्हणून फसू नका.

१) फिल्टरची रबरी रिंग, पाणी काढायचा स्क्रू, क्लिपा, कडक झालेले पाइप बघा.
२) फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले, तर हवा त्याआधीच शिरतेय.
३) तीच नळी फिल्टरआधी जोडा. बुडबुडे नसतील तर दोष फिल्टरला, असतील तर टाकीकडच्या पाइपला.

⚠️ इंजिन चालू असताना इंजेक्टरचे प्रेशर पाइप ढिले करू नका. डिझेलची धार कातडीत घुसते.