क्ष-किरण, स्फटिक आणि गणिताचा ताळा

मिठाच्या खड्यांत अणूंचे थर समान अंतरानें एकावर एक रचलेले असतात. स्फटिकांची अशी सुव्यवस्थित रचना १९१२ सालीं म्यूनिक येथें लाउए, फ्रीडरिश व क्निपिंग यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगानें प्रत्ययास आली. त्याच वर्षीं तरुण लॉरेन्स ब्रॅग यांनीं दाखविलें कीं, ठराविक कोनांतच निरनिराळ्या थरांवरून परतणारे तरंग परस्परांस साहाय्य करितात.

येथें एक कोडें उभें राहतें. प्रत्येक थर तरंगाचा अल्प अंश परतवितो असें धरून आपण नुसती बेरीज केली, तर थर दुप्पट होतांच त्या कोनांत परतणारें तेज चौपट भरतें. मग जाड स्फटिकांतून आलेल्याहून अधिक तेज परत येईल! शेरभर दाणे दळून दोन शेर पीठ कसें मिळेल?

बेरजेंत एक गोष्ट राहून गेली. परतणारा तरंगही वाटेंतील थरांवरून पुन्हा आंत वळतो. दोनदां वळलेल्या ह्या तरंगाचा खोलवा मूळ तरंगाच्या उंचवट्यावर पडून त्यास क्षीण करितो. निर्दोष स्फटिकापुरतें हें गणित चार्ल्स गाल्टन डार्विन यांनीं १९१४ सालीं मांडलें. उत्क्रांतिवादाचे डार्विन हे त्यांचे आजोबा होत.

वाकलेल्या स्फटिकाचें उत्तर मात्र सूत्रानें क्वचितच मिळतें. त्यासाठीं जपानांत ताकागी यांनीं १९६२ सालीं व फ्रान्सांत तोपँ यांनीं १९६४ सालीं समीकरणें दिलीं. गणकयंत्रावर स्फटिकाचें बारीक जाळें कल्पितात, आणि शेजारच्या गांठींवरील तरंगांवरून पुढील गांठीवरील तरंग काढीत जातात.

यंत्रानें दिलें म्हणून उत्तर खरें मानावें काय? आम्ही तीन ताळे सांगतों. पहिला: शोषण नाहीं असें धरल्यास परतलेलें व पार गेलेलें तेज मिळून आलेल्या तेजाइतकेंच भरावें. दुसरा: जाळें दुप्पट बारीक केलें तरी उत्तर ढळूं नये. तिसरा: न वाकलेल्या स्फटिकासाठीं डार्विन यांचेंच उत्तर यावें. सिलिकॉनच्या एका प्रमुख थरसमूहावरून तांब्याचे क्ष-किरण जवळजवळ पूर्णपणें परततात ते अवघ्या सुमारें ७ विकलांच्या पट्ट्यांत, म्हणजे एका अंशाच्या सुमारें पांचशेंव्या हिश्शांत. यंत्रानेंही तितकाच पट्टा दाखविला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, पाटीवरील गुणाकाराचा ताळा पाहण्यास कंटाळूं नका. ज्याचें उत्तर ठाऊक आहे तें उदाहरण बरोबर सुटल्यावांचून अज्ञात उदाहरणाच्या उत्तरावर शास्त्रज्ञही भरंवसा ठेवीत नाहींत.