सरासरी बरोबर, माल मात्र चुकीचा!
एका रेघेवरच्या ठिपक्यांतून तागे कसे तपासावेत?

कापडाच्या धंद्यात आपण सारेच सरासरीवर विसंबतो. दहा-बारा ताग्यांचे वजन पाहिले, बेरीज केली, भागाकार केला आणि आकडा ठरल्याप्रमाणे आला की माल पास. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. एकदा या सवयीमुळे आमच्या हातून एका विणकर बांधवावर अन्याय झाला. तो प्रसंग आणि त्यातून शिकलेला एक सोपा आलेख आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

काय घडले?

भिवंडीच्या दोन विणकरांकडून आम्ही शर्टिंगचे प्रत्येकी सहा तागे घेतले. वजन दर चौरस मीटरला 120 ग्रॅम, म्हणजे 120 जीएसएम ठरले होते. बाराही ताग्यांची सरासरी नेमकी 120 आली. माल मुलुंडच्या एका शिलाई कारखान्यात गेला. आठ दिवसांत तक्रार आली की एकाच गणवेशातले काही शर्ट पातळ आणि काही जाड निघाले आहेत. दोष कोणाचा ते कळेना, म्हणून आम्ही दोघांच्याही बिलातून सारखीच रक्कम कापली. पहिला विणकर दुकानी आला आणि एवढेच म्हणाला, "शेठ, माझा माल वेगळा काढून पाहिलात का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आकडे असे होते:
पहिला लॉट: 119, 120, 120, 121, 120, 120.
दुसरा लॉट: 114, 115, 114, 126, 126, 125.
दोन्हींची बेरीज 720 आणि सरासरी 120. कागदावर दोघे सारखेच!

आलेख कसा काढावा?

यासाठी संगणकावर 'आर' नावाचे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर मोफत मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 नंतरच्या काळात ते सुरू केले. त्याची 1.0.0 ही आवृत्ती 2000 साली आली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, तरी चार आज्ञा पाठ करायला अडचण आली नाही. खाली त्या देवनागरीत देत आहोत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच कराव्यात.

पहिली पायरी आकडे भरण्याची:
लॉट1 <- सी(119, 120, 120, 121, 120, 120)
लॉट2 चे आकडेही असेच भरावेत.

दुसरी पायरी आलेखाची:
स्ट्रिपचार्ट(लॉट1)
पडद्यावर एक आडवी रेघ येते आणि प्रत्येक ताग्याची खूण आपल्या वजनाच्या जागी बसते. उंची-खोलीचा प्रश्नच नाही, एकच माप आणि एकच दिशा. पण इथे एक धोका आहे. तागे सहा असताना खुणा तीनच दिसतात, कारण 120 चे चारही तागे एकमेकांवर बसून एकच खूण होते. पाहणाऱ्याला वाटेल की तीनच तागे मोजले.

त्यावर दोन उपाय आहेत. एक 'स्टॅक', म्हणजे रचणे:
स्ट्रिपचार्ट(लॉट1, मेथड = "स्टॅक")
आता 120 वर चार खुणांची उतरंड दिसते. दुसरा 'जिटर'. यात सॉफ्टवेअर खुणा रेघेपासून किंचित वर-खाली सरकवते. वजनाचा आकडा बदलत नाही, फक्त खुणा सुट्या होतात. आलेख पुन्हा काढला तर त्या थोड्या वेगळ्या जागी दिसतील, त्याने गोंधळू नये. आकडे अपूर्णांकात असतील तर आधी ते पूर्णांकात आणावेत, नाहीतर 'स्टॅक' त्यांना रचणार नाही. नेमके सारखे आकडेच एकावर एक चढतात.

तिसरी पायरी तुलनेची:
स्ट्रिपचार्ट(लिस्ट(लॉट1, लॉट2), मेथड = "स्टॅक", पीसीएच = 19)
एबीलाइन(व्ही = 120)
19 हा आकडा भरीव ठिपक्याचा आहे. पहिला लॉट खाली आणि दुसरा वर येतो, आणि ठरलेल्या वजनाची उभी रेघ मध्ये पडते.

आलेखाने काय सांगितले?

पहिल्या लॉटचे सारे ठिपके रेघेला बिलगून होते. दुसऱ्याचे मात्र दोन घोळके झाले, तीन ठिपके 114 जवळ आणि तीन 126 जवळ. 120 वर एकही तागा नाही! पेटीचा आलेख, म्हणजे बॉक्सप्लॉट काढला असता तर त्याची मधली रेघ 120 वरच आली असती आणि ही फट झाकली गेली असती. माप थोडे असेल तेव्हा ठिपकेच बरे. शेकडो मापे असतील तर मात्र ठिपक्यांची गर्दी होते, तेव्हा हिस्टोग्राम काढावा.

ताग्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. हलके तिन्ही तागे एका मागाचे होते आणि जड तिन्ही दुसऱ्या मागाचे. दर इंचातले पिक दोन मागांवर वेगवेगळे पडत होते. तिथेही नियत खोटी नव्हती, माग जुळवलेले नव्हते. पहिल्या विणकराची कापलेली रक्कम आम्ही परत केली आणि त्याची माफी मागितली.

माप घेताना

आलेख मापाइतकाच खरा असतो. 100 चौरस सेंटिमीटरच्या गोल कटरने तुकडा कापावा आणि त्याचे ग्रॅममधले वजन 100 ने गुणावे. 1.20 ग्रॅम भरले तर 120 जीएसएम. काटा शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा हवा. तुकडा किनारीजवळून घेऊ नये. प्रत्येक आकड्यापुढे मागाचा नंबर लिहावा, नाहीतर दोष दिसेल पण घर सापडणार नाही. वादाचा माल असेल तर घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर 1954 साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे, तिथे कापडाची चाचणी होते. 'आर' शिकणाऱ्या मुलांना पवईच्या आय.आय.टी.मधील 'फॉसी' प्रकल्पाचा उपयोग होईल.

बंधूंनो, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसात भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सरासरी म्हणजे राशीचा वरचा कोरडा थर आहे. ठिपक्यांचा आलेख म्हणजे राशीत घातलेला हात. माल देताना तो घालावा आणि कोणाची मजुरी कापण्यापूर्वी तर जरूर घालावा. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.